माझा अनुभव: रोइंग मशीनवरचे तिसरे पाचशे मीटर

रोइंग मशीनवर दोन हजार मीटर पूर्ण ताकदीने मारताना पहिले पाचशे अंगातल्या ताजेपणावर निघून जातात आणि शेवटचे पाचशे 'संपत आलं' या आशेवर. अडतं ते हजार ते दीड हजारच्या मध्ये. जिममध्ये नेमकं तेव्हाच कुणीतरी मागून ओरडतं, "ओढ की भावा, जोर लाव!" याचा मला मनापासून राग येतो. त्या क्षणी मूठ, जबडा आणि खांदे आधीच आवळलेले असतात. आणखी जोर लावा म्हटलं की ते आणखी आवळतात. ओरडायचंच असेल तर "खांदे खाली" किंवा "श्वास सोड" एवढंच म्हणावं.

या टप्प्यावर होतं काय, ते नीट सांगतो. मांड्या जळत असतात, दम लागलेला असतो आणि पडद्यावर अजून आठ-नऊशे मीटर दिसतात. मन त्या आकड्याला चिकटतं आणि अंग हातांनी ओढायला लागतं. कोपर लवकर वाकतात, खांदे कानाकडे चढतात, पायांचा रेटा अर्धवट राहतो. स्प्लिट, म्हणजे पाचशे मीटरला लागणारा वेळ, दोन-तीन सेकंदांनी घसरतो. तो बघून घाई होते, स्ट्रोक रेट, म्हणजे मिनिटाला होणारे स्ट्रोक, २६ वरून ३० वर जातो आणि स्प्लिट तिथंच राहतो. घसरलेले सेकंद एका दमात परत मिळवायला जाऊ नका. पाचशे मीटरला २:०० चा स्प्लिट म्हणजे साधारण २०३ वॅट आणि १:५५ चा म्हणजे २३०. वेग थोडा वाढवायला ताकद फार जास्त लागते. एकेक सेकंद घ्या, तोही पायातून.

२:०० च्या स्प्लिटने आणि २६ च्या रेटने या पाचशे मीटरला पन्नासेक स्ट्रोक लागतात. मी ते दहा-दहाच्या पाच फेऱ्यांत मोजतो आणि प्रत्येक फेरीत लक्ष एकाच गोष्टीवर ठेवतो. मीटर बघायचे नाहीत.

पहिले दहा पायांचे. पाय जवळजवळ सरळ होईपर्यंत रेटायचे, तोवर हात सरळच. दुसरे दहा खांद्यांचे. पुढे जाताना खांदे खाली सोडायचे आणि खालचा जबडा सैल टाकायचा. जबडा सुटला की मानही सुटते. तिसरे दहा श्वासाचे, आणि माझ्या मते हीच फेरी सगळ्यात महत्त्वाची. या वेगाला एका स्ट्रोकमध्ये दोन श्वास लागतात. हँडल बरगड्यांशी आलं की एकदा सोडायचा, आणि पुढे गुडघे वाकून पोट दाबलं जातं तेव्हा दुसऱ्यांदा. सोडण्यावर लक्ष द्या, घेणं आपोआप होतं. चौथे दहा पकडीचे. हँडल बोटांच्या आकड्यात अडकलेलं असावं, अंगठा नुसता टेकलेला. पुढे सरकताना बोटं किंचित सैल सोडून पुन्हा अडकवायची. पाचवे दहा सीटचे. मागे रेटा झपाट्याने आणि पुढे येणं निवांत. सीट धाडकन पुढे आदळली तर दमाला उसंत मिळत नाही. तेवढ्यात दीड हजार येतात.

तालमीतून आलेल्या पोरांना पकडीची फेरी फार जड जाते. कुस्तीत पकड सुटली की डाव गेला, म्हणून हँडलही ते तसंच आवळतात आणि ओढताना श्वास कोंडतात. कोपरापुढचे स्नायू भरून येतात आणि पायात ताकद शिल्लक असूनही थांबावं लागतं. जोर-बैठकांनी कमावलेल्या मांड्या या मशीनला सगळ्यात उपयोगी आहेत, त्या वापरा.

लक्षात आलं म्हणून सांगतो, चक्राच्या बाजूचा, आत किती हवा जाते ते ठरवणारा लिव्हर १० वर नेऊन ठेवू नका. त्याने व्यायाम कठीण होत नाही, प्रत्येक स्ट्रोक जड आणि संथ होतो, कंबर आणि मुठी आधी दमतात. कॉन्सेप्ट टूच्या मशीनवर मेनूत ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चक्राला हवेचा किती अडथळा होतो तो आकडा, बघता येतो, तो ११० ते १३० च्या आसपास ठेवा. जाळीत धूळ बसली की आत हवा कमी जाते आणि हा आकडा उतरतो, त्यामुळे एका मशीनच्या लिव्हरचा ४ दुसऱ्यावरचा ४ नसतो. जिमवाल्याला जाळी साफ करायला सांगा.

त्याच मॉनिटरवर जोराचा आलेख दिसतो. मन भरकटत असेल तर मीटरऐवजी तो लावा. एकच गुळगुळीत उंचवटा हवा. दोन उंचवटे किंवा मध्ये खळगा दिसला की पाय आणि पाठ सुटे सुटे काम करताहेत, बहुतेक वेळा खांदे आवळल्यामुळे.

पावसाळ्यात रंकाळ्यावरचं पळणं बंद पडलं की मशीनवर गर्दी होते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. मशीनवर तुम्ही जागच्या जागी असता, वारा लागत नाही. पंखा समोरून घ्या, नाहीतर तिसऱ्या पाचशेत गरगरायला लागतं. मिसळ किंवा पेलाभर दूध पिऊन लगेच बसू नका, पुढे वाकताना पोट दाबलं जातं. दोन-तीन तास जाऊ द्या.

सुरुवातीला तीन-चार आखूड स्ट्रोकने चक्र फिरवा, मग लांब मारा आणि दोनशे मीटरच्या आत ठरवलेल्या स्प्लिटवर या. तेव्हा १:४५ सहज दिसतो आणि मोह होतो. त्याची वसुली हजारानंतर होते.

या फेऱ्या पहिल्यांदाच चाचणीत मोजू नका. आठवड्यातून एकदा पाचशेचे चार तुकडे, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आणि तिसऱ्या तुकड्यात पाचही फेऱ्या. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. एरवी संपल्यावर लगेच उतरू नका, पाचेक मिनिटं १८-२० च्या रेटने हलकं मारत राहा.