आमची वाटचाल : एका ब्रॅकेटची बदनामी

मोठ्या मॉडेलचे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) लहान गाडीला बसवून ब्रेक सुधारण्याचे काम आम्ही नाना पेठेतील एका गाळ्यात सुरू केले, तेव्हा बहुतेक गॅरेजे पॅड बदलण्यापलीकडे जात नसत. ताम्हिणी किंवा वरंधा घाट भरल्या गाडीने उतरताना डिस्क तापून पेडल दाबूनही गाडी आवरत नाही, हा अनुभव घेतलेली मंडळी आमच्याकडे येऊ लागली. जुन्या बाजारातून कॅलिपर पारखून आणायचे, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनवर गंजाचे खड्डे नाहीत ना हे पाहायचे, चौकोनी सील व धूळरबर नवे घालायचे, आणि नकलवरील, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागावरील, भोकांचे अंतर जुळत नसेल तर दोन्ही जोडणारा ब्रॅकेट करून घ्यायचा, असा आमचा क्रम होता.

हे ब्रॅकेट भोसरीच्या एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या मामांकडे होत असत. मामा आमचे पहिले भागीदार. ब्रॅकेट ईएन-८ पोलादाच्या एकाच ठोकळ्यातून काढायचा, त्यात कोठेही वेल्डिंग येऊ द्यायचे नाही, हा त्यांचा हट्ट होता. प्रत्येक माप घेण्यापूर्वी ते व्हर्नियरचे जबडे धोतराच्या सोग्याला पुसत. डिस्क हबवर चढवल्यावर तिची डगमग मोजणाऱ्या डायल गेजचा काटा ०.०५ मिलिमीटरच्या पुढे गेला, की डिस्क उतरवून हबचा गंज पुन्हा घासायला लावत.

कॅलिपर बसणे आणि ब्रेक सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या धंद्यातील अनेकांना आजही पटत नाही. ४८ मिलिमीटरच्या पिस्टनऐवजी ५४चा घातला की क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. तितकेच जास्त ऑइल मास्टर सिलिंडरला (पेडलला जोडलेल्या पंपाला) ढकलावे लागत असल्याने पेडल खाली जाते. शिवाय पुढची चाके आधी लॉक होऊन (फिरणे थांबून घसरू लागून) मागचे ड्रम ब्रेक जवळजवळ बसून राहतात. म्हणून आम्ही पिस्टनच्या व्यासापेक्षा डिस्कच्या व्यासाकडे व जाडीकडे आधी पाहतो. ऑक्टावियाच्या पहिल्या पिढीत २८८ आणि ३१२ मिलिमीटरच्या डिस्कना कॅलिपर एकच आहे, बदलतात ते फक्त कॅरियर (कॅलिपर धरणारी चौकट) आणि डिस्क. पिस्टन तोच राहिल्याने पेडल जागचे हलत नाही. अमेरिकेत डॅटसन २४०झेडचे शौकीन टोयोटाच्या पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर वर्षानुवर्षे बसवत आले आहेत, पण तेथेही जाणकार माणूस मागच्या ब्रेकचा हिशेब केल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाही.

आमच्याच हाताखाली शिकलेल्या एका फिटरने पुढे जवळच दुकान थाटले आणि आमच्या ब्रॅकेटचे माप उचलून दोन साध्या पट्ट्या वेल्ड करून तोच आकार निम्म्या दरात विकायला सुरुवात केली. कॅलिपरला लाल रंग दिला की गिऱ्हाईक खूश होई. सिंहगडावरून उतरताना त्यांपैकी एक ब्रॅकेट वेल्डपाशी तुटला आणि गाडी दरडीला घासत थांबली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आकार आमचा असल्यामुळे बदनाम आमचे नाव झाले. ठरलेल्या गाड्या परत गेल्या, गाळ्याचे भाडे थकले, उभे ड्रिल मशीन विकावे लागले, आणि त्या काळात मामांनी एकही बिल पाठवले नाही.

सदाशिव पेठेतील एका वकीलसाहेबांच्या ऑक्टावियाला आम्हीच ३१२च्या डिस्क बसवल्या होत्या. त्यांनी खटपट करून तो तुटका ब्रॅकेट मिळवला आणि तो ज्या गाडीचा होता तिच्या मालकाला घेऊन ते आमच्या गाळ्यात आले. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजलेला आणि उरलेला लखलखीत होता. म्हणजे तडा कितीतरी आधीपासून वाढत होता आणि त्या दिवशी फक्त उरलेला भाग सुटला. शेजारी मामांचा अखंड ब्रॅकेट ठेवल्यावर मालकाला काही सांगावे लागले नाही, आणि पुढे त्यांनीच चार ठिकाणी खरे काय ते सांगितले. ज्याने तो ब्रॅकेट विकला, त्याने मात्र आजतागायत एका शब्दाने जबाबदारी घेतलेली नाही. तो रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो. आम्ही करत नाही.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक ब्रॅकेटवर क्रमांक ठोकलेला असतो आणि त्याची नोंद वहीत असते. पुढची वर्षे नेमाने गेली.

आमच्याकडे यायचे नसले तरी काही गोष्टी सांभाळाव्यात. आधी टायर चांगले घ्यावेत, कारण मूळ ब्रेकने चाक लॉक होत असेल तर मोठ्या कॅलिपरने एका थांब्याचे अंतर कमी होणार नाही. फायदा होतो तो उष्णता सोसण्यात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा ओढते : कोरड्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओलावा शोषलेल्याची मर्यादा १५५पर्यंत खाली येते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. गाईड पिनला (कॅलिपर जिच्यावर सरकतो त्या पिनला) साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. ब्लीडिंगचा, म्हणजे ऑइलमधली हवा काढण्याचा, निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला तर निपल खाली जातो आणि कितीही पेडल मारले तरी एअर निघत नाही. बदल केल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे. आणि येताना जी रिम वापरणार आहात तीच चढवून यावे, कारण कॅलिपर आणि रिम यांच्यात जागा उरत नसेल तर आम्ही काम हाती घेत नाही.