अर्धी सोंगटी

डॉमिनोच्या सोंगट्या मोजल्या की 28 भरतात. आकडे 0 ते 6, म्हणजे सात, आणि प्रत्येक सोंगटीवर दोन. साती साते एकोणपन्नास. 3-5 उलटी धरली की 5-3, म्हणून निम्मे करायचे. साडेचोवीस! ही अर्धी सोंगटी आली कुठून?

जुळ्यांमुळे. 4-4 कशीही फिरवा, 4-4च. जी एकदाच मोजली, तिलाही आपण दोनाने भागून बसलो. वेगळ्या आकड्यांच्या 42 जोड्यांच्या निम्म्या 21, त्यात सात जुळी: 28. इथे अपूर्णांक आला हे नशीबच. आकडे आठ असते तर 32 असं साळसूद उत्तर आलं असतं (खरं 36), आणि कुणाला संशयही आला नसता.

दोनाऐवजी तीन आकडे घेतले की ठिगळं वाढतात: तिन्ही वेगळे 35, दोन सारखे 42, तिन्ही सारखे 7. मग त्यापेक्षा टिंबं आणि रेघा बऱ्या. तीन रंगांच्या गोट्यांतून पाच उचलायच्या, तर लाल दोन, हिरवी एक, निळ्या दोन म्हणजे ००|०|००. सात जागांपैकी रेघांच्या दोन निवडा: 21. दोन रेघा एकमेकींना चिकटल्या तर हिरवी आलीच नाही, एवढंच. घोटाळा होतो तो रेघांच्या संख्येत. तीन रंग म्हणून तीन रेघा मारल्या की उत्तर थेट 56. पाच बोटांत फटी चारच असतात. एवढं ध्यानात असलं की रेघा रंगांपेक्षा एकने कमी, हा सूत्रातला ‘वजा एक’ पाठ करायला नको.

आणि प्रत्येक रंगाची एक तरी गोटी हवी असेल तर रेघा गोट्यांमधल्या फटींतच बसतात, एका फटीत एकच. लीलावतीत (1150) भास्कराचार्य विचारतात: पाच अंकी संख्या, शून्य नको, अंकांची बेरीज 13, तर अशा संख्या किती? तेरा एकांच्या रांगेत बारा फटी, त्यांतल्या चार निवडायच्या: 495. वर अटही घातली आहे, बेरीज ही स्थानं अधिक नऊ याहून कमी हवी. चार जागी 1 ठेवले तर पाचवीत 9 मावतो. बेरीज 14 झाली की तिथे 10 येतो, आणि तो काही अंक नव्हे. अशी अट घालणारा माणूस स्वतः मोजून बसलेला असतो.

दोन फाशांच्याही जोड्या 21च. पण म्हणून 6-6 पडण्याची शक्यता 21 पैकी 1 धरायची नाही. ती 36 पैकी 1, आणि 5-6 ची 36 पैकी 2. फासे दिसायला कितीही सारखे असोत, ते दोन आहेत. फोटॉनांचं तसं नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये प्रकाशाचे कण मोजले ते या रेघांच्याच हिशेबाने: सहा खणांत दोन फोटॉन, तर 21 तऱ्हा, आणि सगळ्या सारख्याच शक्यतेच्या. तिथे ‘आधी हा, मग तो’ म्हणायला हा आणि तो नसतातच.