सुकुमा विकी, म्हणजे आठवडा ढकल

परवा फोनवर मावशी म्हणाली, "तू तिकडे दिवसभर नक्की करतोस तरी काय रे?" मी म्हटलं अगं बरंच काय काय असतं, आणि मग सांगायला गेलो तर एक वाक्य धड सुचेना. म्हणून हा मागचा आठवडा लिहून काढतोय, मावशी तू वाच आणि बाकीच्यांनाही पाठव, म्हणजे तेच तेच सहा जणांना सांगायला नको.

आधी थोडक्यात, नवीन वाचणाऱ्यांसाठी. मी वसईचा, फादर व्हायचं शिक्षण घेतोय. तत्त्वज्ञान झालंय, ईशज्ञान (थिऑलॉजी) सुरू व्हायचंय, त्याच्या मधली दोन वर्षं रीजन्सी असते, म्हणजे पुस्तकं बंद करून प्रत्यक्ष कामाला जुंपतात. माझ्या बॅचमधले काही गुजरातला गेले, एकजण आसामला, आणि मला धाडलं थेट केनियात, तेही नैरोबी वगैरे नाही, वर उत्तर-पश्चिमेला तुर्काना काउंटीत, लोडवार शहरापासून आत. वाळू, ऊन, शेळ्या, उंट, आणि काटे. काटे बघून तर मी पहिल्याच दिवशी ओळखले, ही आपली वेडी बाभूळ! इथे तिला माथेंगे म्हणतात. वाळवंट पसरू नये आणि सरपण मिळावं म्हणून लोकांनी बाहेरून आणून लावली आणि आता ती कुणाचंच ऐकत नाही, विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. आमच्या पिकीपिकीचं (मोटरसायकलला इथे खरंच पिकीपिकी म्हणतात, मी बनवत नाहीये) चाक महिन्यातून दोनदा तरी तिच्यामुळे बसतं.

सोमवार. रविवारी फादर लोकांची दमछाक होते म्हणून सोमवारी सुट्टी, पण सुट्टी म्हणजे कपडे. एका बादलीत धुणं आणि त्याच पाण्यात नंतर फरशी. दुपारी जेवायला उगाली आणि सुकुमा विकी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीच्या जवळपासचा पण मीठसुद्धा नाही, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी, जिच्या नावाचा अर्थच 'आठवडा ढकल' असा आहे. स्वस्त असते, पगार संपला की हिच्यावर शनिवारपर्यंत रेटायचं. इथे मात्र ती किताले शहरातून ट्रकने येते, त्यामुळे ट्रक चुकला की आठवडा कशाने ढकलायचा हा प्रश्नच. मग मका आणि राजमा एकत्र उकडलेलं गिथेरी. चपाती पण मिळते बरं का, नावही चपातीच, पण मैद्याची, जाड, तेलात भाजलेली, आणि ती सणासुदीला. रेल्वे बांधायला आलेल्या भारतीय मजुरांबरोबर, दुकानदारांबरोबर ती इकडे आली म्हणतात. आईला सांगितलं की इथे चपाती हे पक्वान्न आहे तर तिला वाटलं मी थट्टा करतोय.

मंगळवार-बुधवार शाळा. मी चौथीला गणित शिकवतो, म्हणजे ते मला स्वाहिली शिकवतात आणि मधेमधे गणित होतं. पहिल्या दिवशी फळ्यावर 'हेसाबू' लिहिलेलं बघितलं आणि मनात म्हटलं, अरे हा तर हिशेब! मग नादच लागला. साबूनी म्हणजे साबण, रांगी म्हणजे रंग, डुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, किताबू, दुनिया, हबारी (खबर), पेसा. अरबी, फारसी, गुजराती सगळं समुद्रावरून इकडे-तिकडे होत राहिलं आणि त्यातलं थोडं आपल्या वाट्याला आलं, थोडं यांच्या. मोबाईलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा तर इथे 2007 पासून आहे, शेळीवालासुद्धा त्यावरच घेतो, तेव्हा आपण इथे येऊन डिजिटल इंडियाच्या फार गप्पा मारू नयेत असं माझं मत.

मुलं मला 'मुहिंदी' म्हणतात. म्हणजे भारतीय. मक्याचं कणीस पण मुहिंदी. वर्गात एकाने फळ्यावर कणीस काढून त्याला चष्मा लावला होता, मी कुणी काढलं ते विचारलं नाही, चित्र चांगलं होतं.

गुरुवारी खरं तर फुटबॉल असतो, आर्सेनल विरुद्ध मँचेस्टर अशा दोन टोळ्या, पण बॉल फुटलेला (परत तेच काटे). मग कोरड्या नदीच्या वाळूत मी त्यांना कबड्डी शिकवली. 2016 च्या अहमदाबादच्या वर्ल्डकपला केनियाची टीम खेळून गेलीय हे मी सांगितलं तर विश्वास बसेना कुणाचा. दम कोंडून 'कबड्डी कबड्डी' म्हणत एक पोरगी अशी घुसली की तिघांना मारून आली, आणि मी, शाळेत आमच्या वाड्याच्या टीमचा कॅप्टन वगैरे, दुसऱ्याच चढाईत आउट. अजून गुडघा दुखतोय.

त्याच नदीत, जरा पुढे, बायका वाळूत खड्डे खणून पाणी काढत असतात. वाडग्याने थोडं थोडं उपसून वीस लिटरचा पिवळा कॅन भरायचा आणि डोक्यावर घ्यायचा. मिशनच्या आवारात बोअरवेल आहे, सोलर पंप आहे, पण त्याचा कंट्रोलर दहा दिवस झाले बंद आणि पार्ट कितालेहून यायचाय, ज्याच्याकडून यायचाय तो रोज "आज निघतोय" म्हणतो. शुक्रवार सगळा त्यातच गेला. फोन, मेसेज, परत फोन. कुणी मला विचारतं ना, मिशनरी म्हणजे काय रे, कॉलेजचा एक मित्र तर डायरेक्ट विचारतो किती जणांना बाटवलंस, तर बाबा माझा शुक्रवार पार्टच्या मागे गेला. आणि चर्च इथे माझ्या जन्माआधीपासून आहे, लोडवारचं डायोसिस (धर्मप्रांत) 1978 चं, आपलं वसईचं 1998 चं. म्हणजे मीच धाकट्या घरातून आलोय.

आता शनिवार. हे लिहायचं नव्हतं पण मावशीला कुणीतरी सांगेलच.

इथलं स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर चालतं. सकाळी सात वाजले की पहिला तास, म्हणजे 'साआ मोजा', एक वाजला. नऊ म्हणजे तीन. आपल्या घड्याळाशी बरोब्बर सहा तासांचा फरक. पण इंग्लिशमध्ये बोलताना तेच लोक आपल्यासारखी वेळ सांगतात. शुक्रवारी रात्री म्वालिमूंचा, म्हणजे आमच्या कॅटेकिस्टचा (धर्मशिक्षकाचा) मेसेज आला, अर्धा इंग्लिश अर्धा स्वाहिली, "ब्रदर, केशो 3". केशो म्हणजे उद्या. मी वाचलं दुपारी तीन. एका लांबच्या वस्तीवर प्रार्थना घ्यायची होती, फादर तिथे महिन्यातून एकदाच पोचतात. मी आरामात जेवून, प्रवचन दोनदा वाचून, पावणेतीनला झाडाखाली हजर. लोक सकाळी नऊपासून आलेले. बायका तासातासाचं अंतर चालून, उन्हात, पोरं पाठीवर.

बरेचसे परत गेले होते. म्वालिमूंनी स्वतःच वाचन घेतलं, प्रवचन केलं, गाणी झाली, सगळं आटपलं. दोन-तीन आज्ज्या तेवढ्या बसलेल्या, गळ्यात मण्यांच्या माळांची चळतच्या चळत. मी त्यांच्या तुर्काना भाषेत नमस्कार म्हणून "एजोका" म्हटलं, त्या "एजोक नोई" म्हणाल्या आणि हसल्या. कुणीतरी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मी स्वाहिलीत पाच मिनिटं माफी मागितली, आज्ज्यांना स्वाहिली येत नाही, म्वालिमूंनी त्याचं तुर्कानात भाषांतर केलं, तीन शब्दांत. काय म्हणालात विचारलं तर म्हणे, "सांगितलं की मुहिंदी झोपला होता."

परतताना आपले गोन्सालो गार्सिया आठवले. वसईचाच माणूस, फादर नव्हे, ब्रदरच, जपानी इतकी छान यायची की दुभाषी म्हणून त्यांना घेऊन जात, आणि 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेले. 1862 ला संत झाले. लहानपणापासून त्यांची गोष्ट ऐकतोय, पण लक्ष कायम शेवटाकडे, भाषेकडे कधी गेलंच नव्हतं. मला अजून घड्याळ कळत नाही.

रविवारी मिस्सा झाली, अडीच तास, त्यातला निम्मा वेळ नाच-गाणी, कंटाळा औषधालाही नाही. संध्याकाळी सहाला घरी फोन, तिकडे साडेआठ, रोजरी नुकतीच आटपलेली. आईने विचारलं काय जेवलास, म्हटलं सुकुमा विकी. "परत तेच?"

फोन ठेवतोय तोच म्वालिमूंचा मेसेज. "ब्रदर, केशो 4. पार्ट येतोय." मी लगेच फोन लावला. म्हटलं म्वालिमू, सकाळी दहा की दुपारी चार?

ते म्हणाले, "एन्दियो." म्हणजे हो.