दुपारच्या मैफलीत भेटलेलं चेन्नई

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचा मंडप उतरवायला घेतात, त्याच सुमारास चेन्नईत मार्गळी महिना लागतो. आपला धुंधुरमास तो हाच. आपल्याकडे पहाटेची मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. तिथे पहाटे संतकवयित्री आंडाळची तिरुप्पावै ही पदं, दारापुढे अंगणभर कोलम म्हणजे रांगोळी आणि मग रात्रीपर्यंत गाणं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शहरातल्या सगळ्या सभा (तिथल्या संगीतसंस्थांना सभाच म्हणतात) एकाच वेळी आपापले महोत्सव भरवतात. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा सुट्टीत बसत होता, म्हणून तोच धरला.

सवाईची सवय असलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा गोंधळायला होतं. सवाईत मंडप एक, स्वरमंच एक. हजारो लोक एकच तोडी ऐकतात आणि रात्री घरी जाताना रिक्षावाल्यासकट सगळे त्याच तोडीवर बोलत असतात. चेन्नईत मात्र एकेका सभेत दुपारपासून रात्रीपर्यंत ओळीने तीन-चार मैफली, आणि अशा सभा मैलापूर, अलवारपेट, टी. नगर अशा कितीतरी ठिकाणी. सकाळी पेपरमधली कार्यक्रमांची यादी घेऊन बसायचं, पेनने खुणा करायच्या आणि नंतर त्यातल्या बहुतेक खोडायच्या. शेजारच्या टेबलावरचे आजोबाही तेच करत असतात, फक्त त्यांची खोडाखोड ठाम असते.

मी मैलापुरात राहिले. खोली बुक करताना दाखवलेली खिडकी प्रत्यक्षात जिन्यात उघडत होती, पण लॉजपासून कपालीश्वराचं देऊळ पाच मिनिटांवर होतं, म्हणून भांडले नाही. देवळाभोवतीच्या चार रस्त्यांना माडवीथी म्हणतात. मार्गळीत तिथे पहाटे भजनाच्या फेऱ्या निघतात. पापनाशम् शिवन यांच्यासारखे मोठे रचनाकार एकेकाळी या फेऱ्यांच्या पुढे गात चालायचे. आताच्या फेरीत एक पेटी, दोन टाळ, एक मृदंगम् आणि मागे शाली पांघरलेली माणसं. थंडी म्हणाल तर बावीस अंश, आणि निम्म्या लोकांच्या डोक्याला कानटोप्या! नाशिककराने पाहिलं तर हसून बेजार होईल.

पहिल्या दिवशी मीही सगळ्यांसारखी संध्याकाळच्या मोठ्या नावामागे धावले. तिकीट, रांग, खचाखच भरलेलं सभागृह. गाणं उत्तमच झालं. तरी या आठवड्यात मला खरं काही मिळालं ते दुपारी. बहुतेक सभांमध्ये दुपारच्या मैफलींना तिकीट नसतं. बारा-साडेबारा, दोन, चार या वेळा तरुण गायक-वादकांच्या. मोठ्या सभेत दुपारची जागा मिळणं हीच त्यांची परीक्षा, आणि समोर बसलेली तीस-चाळीस माणसं हे परीक्षक. एसी मोठा, खुर्च्या रिकाम्या, आणि तरी त्या तीस-चाळीस जणांतल्या एकालाही काही खपत नाही.

माझ्या शेजारी रोज कोणीतरी मामी (तिथे पोक्त बायकांना मामीच म्हणतात) असायच्याच. रेशमी नऊवार नव्हे, साधी कांजीवरम, केसांत मोगरा, पिशवीत कॉफीचा थर्मास आणि जाड बांधणीची एक वही. एकीच्या हाताकडे मी बराच वेळ पाहत होते. उजवा तळवा मांडीवर पडायचा, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट एकेक करून टेकायचं. पुन्हा तळवा, मग हात उलटा. पुन्हा तळवा, पुन्हा उलटा. आदितालाच्या आठ मात्रा. बोलताना, थर्मास उघडताना, समोरून जाणाऱ्याला वाट देताना डाव्या हाताची कामं चालू आणि उजव्या हाताचा हिशेब चालूच. गाणारी मुलगी कल्पनास्वर (ऐनवेळी सुचलेली सरगम) घेताना तिसऱ्या आवर्तनात किंचित घाईने आली, तर मामींची करंगळी क्षणभर हवेत थांबली. तोंडाने ब्र नाही. आपल्याकडे दाद ‘क्या बात है’ म्हणून मोठ्याने जाते, तिथे नापसंती अशी करंगळीतून कळते.

त्याच मैफलीत मुख्य राग भैरवी होता. आपल्याकडे भैरवी सुरू झाली म्हणजे चपला शोधायची वेळ. तिथे भैरवी मैफलीच्या मध्यभागी येते, तासभर चालते आणि ती आपली भैरवी नसतेच मुळी. सूर वेगळे, चाल वेगळी, दोन्ही धैवत. मी मामींना हळूच विचारलं, तर त्या इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात म्हणाल्या, “भैरवी. युवर्स नहीं. अवर्स.” आणि मग दयाळूपणे पुढच्या प्रत्येक रागाला कानात सांगत राहिल्या: मोहनम् म्हणजे तुमचा भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, कल्याणी म्हणजे यमन. जोड्या साधारण खऱ्या असल्या तरी फार उपयोगी नाहीत. मालकंस म्हणून ऐकायला बसावं तर हिंदोळम् एका गमकात हातातून निसटतो.

मैफलीची मांडणी मात्र पटकन कळते. आधी वर्णम् ही बांधीव रचना, मग काही कृती म्हणजे बंदिशी, मग मोठा राग, त्याची आलापना, एकाच ओळीचे शब्द फिरवत केलेला विस्तार म्हणजे निरवल, कल्पनास्वर. त्यानंतर तालवाद्यांचं तनि आवर्तनम्, शेवटी हलक्या रचना आणि समारोपाचं मंगलम्. हा साचा गायक अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी पक्का केला असं मानतात, आणि तो आजही फारसा हललेला नाही. तनि आवर्तनम् सुरू झालं की सभागृहातली अर्धी माणसं कॅन्टीनकडे निघतात. मृदंगम् आणि घटम् वाजवणाऱ्यांनी हे कसं सोसायचं कोण जाणे. मी हट्टाने बसून राहायचे, आणि घटमवाल्या मुलाने मडकं पोटाशी धरून तोंडावर तळवा फिरवला की त्यातून निघणारा तो घुमारा ऐकला, की बाहेरचा रवा डोसा थांबू शकतो असं वाटायचं.

कॅन्टीनला नावं ठेवत नाही, गैरसमज नको. सभेचं कॅन्टीन कोणाकडे आहे यावर लोक कोणत्या सभेला जायचं ते ठरवतात, आणि हे गमतीत नाही. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण, संध्याकाळी कीरै वडै म्हणजे पालेभाजीचा वडा, आणि तंजावरकडचा अशोका हलवा: मुगाच्या डाळीचा, तुपाने चिकट, केशरी. पहिल्या घासाला जास्त गोड वाटतो. तिसऱ्या दिवशी मी दुसरी वाटी मागितली.

तंजावर म्हटलं की मराठी माणूस सावध होतोच. हा आठवडा माझ्यासाठी कुतूहलाचा झाला तो इथे. एका सकाळी हरिकथेला, म्हणजे तिथल्या कीर्तनाला गेले. कथा सखूबाईची, भाषा तमिळ, मला कळतील असे शब्द फक्त ‘पांडुरंगा’ आणि ‘पंढरपूर’. कथा सांगणाऱ्या बाईंच्या हातात चिपळ्या, मागे पेटी आणि मृदंगम्. मध्येच त्यांनी एक पद घेतलं आणि मी ताठ बसले. चाल दिंडीची! पुढे साकी, मग ओवीचं वळण, मग सरळ अभंग. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरच्या दरबारात आणि मठांत गेले. मोरगावकरबुवांसारख्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेची घडण केली, आणि वृत्तं तशीच ठेवली. आपल्याकडे साकी-दिंडी आता संगीत नाटकाच्या आठवणीत आणि उरल्यासुरल्या नारदीय कीर्तनात. तिथे बाराशे किलोमीटरवर, भाषा बदलूनही, ती रोजच्या वापरात आहेत. मला अभिमान वगैरे वाटण्यापेक्षा जरा लाजच वाटली.

अभंगांची गोष्ट वेगळी, ते तर आता मुख्य मंचावरच असतात. अरुणा साईराम, रंजनी-गायत्री यांनी मैफलीच्या शेवटच्या भागात अभंग गाऊन त्यांना मोठा श्रोता मिळवून दिला. नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ सुरू झाला की सभागृह टाळ्यांनी ठेका धरतं. एरवी करंगळीने बोलणारे हेच लोक! काही जाणकार नाक मुरडतात, म्हणतात की हल्ली गंभीर पल्लवी (एका ओळीचा तालात बांधलेला मोठा विस्तार) कमी आणि अभंग जास्त. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. शेवटच्या अभंगाकडे डोळा ठेवून मुख्य राग आटोपता घेतलेली एक मैफल मीही ऐकली.

आणि देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असंही नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेहून मद्रासकडे येत-जात, कर्नाटकी सरगमचा त्यांच्या गाण्यावर ठसा आहे, त्यागराजांची कृतीही त्यांनी गायली. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांनी देह ठेवला तो सिंगपेरुमाळकोविलच्या फलाटावर. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. पुण्याचा महोत्सव आणि चेन्नईचा मोसम यांच्यातलं अंतर एवढंच.

मोसमाचं केंद्र म्हणजे म्युझिक अकादमी. १९२७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि त्यातून १९२८ मध्ये ही संस्था उभी राहिली. तिथे सकाळी आठच्या सुमारास सप्रयोग व्याख्यानं असतात: एखाद्या रागाचा जुना पाठ, एखाद्या तालाची उकल, वीणेचं बोटकाम. व्याख्यान संपलं की विद्वानांची समिती प्रश्न विचारते, कधी चिमटे काढते. माझ्या मते आठवड्यातला सर्वांत रंजक तास हाच. १ जानेवारीला वर्षाच्या ‘संगीत कलानिधीं’चा सन्मान होतो. हा किताब मिळालेली पहिली स्त्री म्हणजे एम. एस. सुब्बुलक्ष्मी, १९६८ मध्ये. म्हणजे अकादमीला त्यासाठी चाळीस वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना खुपते. सभागृहात बसलेला वर्ग बराचसा एकाच समाजातला आणि साठीच्या पुढचा. नागस्वरम् (सनईसारखं वाद्य) आणि तविल (ढोल) वाजवणारे कलाकार सुरुवातीला मंगलवाद्य वाजवून जातात, तेव्हा खुर्च्या अजून भरायच्या असतात. यावर चेन्नईतच बोललं जातंय. २०१५ मध्ये गायक टी. एम. कृष्णा आणि इतरांनी ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात उत्सव सुरू केला, तिथे कर्नाटक संगीताच्या शेजारी पराई हा डफ आणि गाना हे वस्त्यांमधलं गाणं वाजू लागलं. बाहेरच्या पाहुणीने यावर निकाल द्यायचा नाही, पण मंगलवाद्याच्या वेळी रिकामं सभागृह मी पाहिलं, ते सांगायला हवं.

नृत्यासाठी तिरुवान्मियूरला कलाक्षेत्रात गेले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये सुरू केलेली ही संस्था. नाट्यगृह केरळच्या देवळांतल्या कूत्तंबलम या नाट्यमंडपासारखं, उतरत्या छपराचं, आत लाकडाचा वास. भरतनाट्यमचा जो क्रम आपण पाहतो, अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतचा, तो बांधला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या तंजावरच्या चार भावांनी, सरफोजीराजांच्या दरबारी असताना. काही जुन्या शब्दम् रचनांत राजाला उद्देशून ‘सलामुरे’ येतं, आणि नर्तकी त्या जागी चक्क मुजरा करते. मी पाहिलेल्या कार्यक्रमात तो राजा नव्हता, देव होता, पण मुजरा तोच.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: मुक्काम मैलापूर किंवा अलवारपेट भागात करा, कारण मेट्रोच्या कामाने मैलापुरातला लझ परिसर खणलेला आहे आणि दोन सभांमधला तीन किलोमीटरचा रस्ता अर्धा तास खातो. मोठ्या कलाकारांची तिकिटं आधी काढा. बाकी दिवस मोकळे ठेवा. सभागृहातला एसी बोचरा असतो, शाल न्याच. दुपारच्या मैफलीला पुढे बसा, मामींच्या शेजारी, आणि तनि आवर्तनम् चालू असताना कृपया उठू नका. वडै नंतरही मिळतो, थोडा गार एवढंच.