एएव्ही७ प्रवाळाच्या कडेवर : बांधणीची नोंद

एएव्ही७ ही पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी लष्करी गाडी, तिचं छोटं मॉडेल मी बांधतोय. हल (गाडीचा मुख्य सांगाडा), टरेट (बंदुकीचा फिरता घुमट) आणि मागचा रॅम्प जोडून झाला. दोन्ही बाजूंची सहा-सहा चाकं बसली, ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचे पट्टे, मात्र अजून सुटेच ठेवलेत. प्रायमरचा एक हात मारून झालाय. बेससाठी ४० बाय ३० सेंटिमीटरचं प्लायवूड आणि त्यावर फोमचे थर चिकटवलेत. इथून पुढे रंग आणि पाणी.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी आहे एएव्ही७ए१, माप १/३५, आणि पथक जपानच्या भू-स्वसंरक्षण दलाचं ‘सुइरिकु किदोदान’, म्हणजे ॲम्फिबियस रॅपिड डिप्लॉयमेंट ब्रिगेड. मार्च २०१८ मध्ये नागासाकी प्रांतातल्या सासेबो शहरात, आइनोउरा छावणीत ही ब्रिगेड उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननं उभारलेलं हे पहिलं मरीन धाटणीचं दल. सुरुवातीला दोन रेजिमेंट होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये ओमुरा इथल्या ताकेमात्सु छावणीत तिसरी आली. क्युशूपासून तैवानच्या दिशेनं साधारण १,२०० किलोमीटर पसरलेल्या नान्सेई बेटांपैकी एखादं शत्रूच्या हाती गेलं, तर समुद्रातून चढाई करून ते परत घ्यायचं, हे तिचं मुख्य काम.

‘अमेरिकन मरीनची गाडी का नाही केलीस, संदर्भ ढिगानं मिळाले असते,’ असं नांदेडच्या एका मित्रानं विचारलं. खरं आहे. पण मला गाडीपेक्षा ती जागा करायची होती. या बेटांच्या भोवती प्रवाळाची झालर असते. लाट किनाऱ्यावर येऊन फुटत नाही, ती लांब, प्रवाळाच्या कडेवर फुटते. कडेच्या आत गुडघाभर, कुठे कंबरभर शांत पाणी, आणि ओहोटीला तर खडकच वर येतात. अशा ठिकाणी साधी नाव रुतून बसते. २० नोव्हेंबर १९४३ ला तारावा बेटांवर हेच झालं. भरती पुरेशी चढली नाही, अमेरिकन लँडिंग बोटी प्रवाळाला अडल्या, आणि सैनिकांना शेकडो मीटर पाण्यातून चालत गोळीबारात जावं लागलं. ट्रॅकवाली एलव्हीटी, म्हणजे तेव्हाची पाण्यात-जमिनीवर चालणारी गाडी, तेवढी प्रवाळावर चढून पुढे गेली. आपली एएव्ही७ त्याच घराण्यातली. म्हणून माझ्या दृश्यात गाडी खोल पाण्यातही नाही आणि वाळूवरही नाही. पुढचे ट्रॅक प्रवाळावर टेकलेत, नाक वर उचललंय, मागचा भाग अजून तरंगतोय. पाण्यातून येताना पुढे काढलेली बो-प्लेन, म्हणजे नाकावरची फळी, अजून तशीच बाहेर आहे, पाणी मागे फेकून गाडी ढकलणारे मागचे दोन्ही वॉटरजेट चालू आहेत. ट्रॅक आणि जेट एकाच वेळी काम करतात तो हा क्षण. या ब्रिगेडचं सगळं शिक्षण शेवटी याच काही मीटरांसाठी चालतं, असं माझं मत.

गाडी खरोखर मोठी आहे. लांबी ७.९४ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास २३ सेंटिमीटर. रुंदी आणि उंची सव्वानऊच्या पुढे. ती बेसवर थोडी तिरकी ठेवलीय, म्हणजे मागे पाण्याला जागा उरते. पाण्यात ताशी १३ किलोमीटरच्या आसपासच वेग, त्यामुळे नाकासमोर स्पीडबोटीसारखा फेस उसळलेला दाखवू नका. जड, संथ फुगवटा हवा. जपाननं अशा ५२ गाड्या घेतल्या आणि त्या आरएएम/आरएस या सुधारित प्रकारातल्या आहेत. त्यांचं इंजिन ५२५ अश्वशक्तीचं आणि सस्पेन्शन ब्रॅडली या अमेरिकन चिलखती गाडीच्या सुट्या भागांवर बेतलेलं. किट घेताना हे बघूनच घ्या. जुन्या साच्यातल्या किटमध्ये आधीचं सस्पेन्शन असतं आणि गाडी बसल्यासारखी दिसते.

रंगासाठी टामिया कंपनीचे एक्सएफ-७२ आणि एक्सएफ-७३, म्हणजे जपानी भूदलाचे तपकिरी आणि गडद हिरवा. दोन रंगांच्या कडा मी किंचित मऊ ठेवणार आहे.

आता गंजाबद्दल. मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. समुद्रातली गाडी म्हटली की आपला हात आपोआप गंजाच्या रंगाकडे जातो आणि हलभर तांबडे ओघळ उतरतात. एएव्ही७ चा हल ॲल्युमिनियमचा आहे. तो लोखंडासारखा तांबडा गंजत नाही. रंग खरवडला गेला तर खाली फिकट चंदेरी-करडा दिसेल. तांबडेपणा फक्त पोलादी भागांवर हवा : ट्रॅकचे दुवे, ओढायची केबल, काही बोल्ट. हलवर त्याऐवजी मिठाचे पांढुरके डाग येऊ द्या, तेही पाणी वाळलेल्या वरच्या भागावर. ओल्या रेषेच्या खाली सगळं गडद आणि चकचकीत, वर मॅट. ही रेषा सरळ ओढू नका. नाक वर आहे, त्यामुळे ती पुढून मागे तिरकी चढत जाते, आणि पुढच्या उतारावरून पाणी अजून निथळत असतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंगकामाचं वेळापत्रक वेगळं ठेवावं लागतं. छत्रपती संभाजीनगरला मे महिन्यात दुपारी ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळतो. रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव्य) थोडा जास्त घाला, आणि शक्यतो पहाटे फवारा. कूलर चालू असेल तर आधी बंद करा आणि हवा स्थिर होऊ द्या. कूलरच्या ताटीतल्या गवताचे बारीक तंतू ओल्या रंगावर बसले की काढता काढता खालचा थरही उचलला जातो. पावसाळ्यात उलट त्रास : कंप्रेसरच्या नळीत पाणी जमतं, तेव्हा मॉइश्चर ट्रॅप हवाच.

पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन वाळूजकडच्या फायबरग्लासवाल्यांकडून मिळालं. उन्हाळ्यात ते फार लवकर सेट होतं आणि जाड थर ओतला तर स्वतःच्याच उष्णतेनं तडकतं. दोन-तीन मिलिमीटरचे थर, तेही रात्री. रंगाची उतरंड अशी ठरवलीय : कडेच्या बाहेर गडद निळा, कडेपाशी हिरवट निळा, आत जवळजवळ पारदर्शक. ट्रॅक जिथे टेकलेत तिथे प्रवाळाचा चुरा उठून पाणी दुधाळ होतं. तिथल्या थरात संगमरवराची भुकटी चिमूटभर. हीच भुकटी तळाच्या वाळूलाही. आपल्या गोदेची वाळू इथे अजिबात चालत नाही, ती बेसाल्टची, काळपट. प्रवाळाची वाळू पांढरी असते.

प्रवाळ फोमचंच, तारेच्या ब्रशनं खरवडून, आणि शिंगाळ प्रकार फाडलेल्या स्पंजचे. रंग पिवळट-तपकिरी, गुलाबी नाही. बाजारात कुणी खऱ्या प्रवाळाचे तुकडे देऊ केले तर कृपा करून घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं.

वाहनावरच्या पांढऱ्या कांजी (जपानी लिपीतल्या) खुणांसाठी रेडियमच्या दुकानाचा आधार घेतला. मोटरसायकलींवर नावं कापून देणारा प्लॉटर असतो ना, त्यावर व्हिनाइलचा मास्क कापून घेतला. अक्षरं तीन मिलिमीटरपर्यंत स्वच्छ येतात. त्याखाली कडा फाटतात. घरच्या इंकजेटवर पांढरा छापता येत नाही, त्यामुळे आपल्यासाठी हाच रस्ता परवडणारा.

मागे ओसुमी वर्गाचं, म्हणजे अशा गाड्या वाहून नेणारं जपानी जहाज का नाही, असंही विचारलं गेलं. ते १७८ मीटर लांब आहे. १/३५ मध्ये पाच मीटरहून मोठं होईल. ते वेगळं, १/७०० मध्ये करतोय. त्या मापात ही गाडी जेमतेम ११ मिलिमीटरची.

माणसं शेवटी. डावीकडे पुढे ड्रायव्हर, त्याच्यामागे तुकडीचा प्रमुख, उजवीकडे टरेटमध्ये गनर. तिघांच्याही अंगावरच्या लाइफ व्हेस्टवर मी वेळ देणार आहे. जुलै २०२० मध्ये कॅलिफोर्नियाजवळ सॅन क्लेमेंटे बेटापाशी अशीच एक एएव्ही बुडून नऊ जण गेले, आणि पुढे अमेरिकन मरीननी या गाड्या नेहमीच्या कामासाठी पाण्यात उतरवणं थांबवलं. हे माहीत असताना व्हेस्ट नुसता नारिंगी ठिपका म्हणून रंगवणं मला पटत नाही.

पुढचं काम : रेझिनचा छोटा नमुना ओतून दुधाळपणा किती दिसतो ते बघणं, मग तपकिरी रंगाचा पहिला हात. वॉटरजेटचे डिफ्लेक्टर (पाण्याचा झोत वळवणाऱ्या झडपा) उघडे असताना मागून, पाण्याच्या पातळीवरून काढलेला जपानी गाडीचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर जरूर पाठवा. माझ्याकडचे सगळे वरून काढलेले आहेत आणि त्यांत बिजागऱ्या दिसत नाहीत.