नॉटिलस, नोंद ४ : रिव्हेट खरवडून काढले

रविवारी माझ्या नॉटिलस पाणबुडीच्या मॉडेलच्या डाव्या अंगाचे सगळे रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी) ब्लेडने खरवडून टाकले. साडेचारशे तरी असतील. तीन आठवड्यांचं काम होतं.

१९५४च्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या डिस्ने चित्रपटातली कॅप्टन नेमोची नॉटिलस मी ६० सेंटीमीटरची करतोय. आत पीव्हीसी पाइप, वर एम-सील आणि पातळ प्लॅस्टिकची पानं. ज्यूल व्हर्नच्या मूळ कादंबरीतली पाणबुडी नुसती चिरुटासारखी आहे: लांबी ७० मीटर, मध्ये रुंदी ८ मीटर. ती करायची असती तर आतापर्यंत रंगवून कपाटात गेली असती.

चित्रपटासाठी तिचं रूप ठरवणाऱ्या हार्पर गॉफने धागा पकडला तो गोष्टीच्या सुरुवातीचा. खलाशी तिला समुद्रातलं जनावर समजतात ना, मग ती जनावरच दिसली पाहिजे. म्हणून सुकाणूघराच्या फुगीर काचा म्हणजे मगरीचे डोळे, मागे माशाची शेपटी, पाठीवर करवतीचे दाते. आणि अंग ओबडधोबड लोखंडाचं, कारण नेमोने ती आडबेटावर, हाताशी असेल त्या सामानातून बांधली असणार. (कला दिग्दर्शनाचं ऑस्कर चित्रपटाला मिळालं, पण गॉफ युनियनचा सभासद नव्हता, त्यामुळे त्याच्या हाती काही आलं नाही. याचा मला अजून राग येतो.)

माझी चूक इथेच झाली. शिंप्याचं खुणा करायचं दातेरी चाक फिरवून मी बरोब्बर ३ मिलिमीटरवर ठिपके घेतले होते. प्रायमर मारल्यावर मेट्रोचा डबा दिसायला लागला! आता पेन्सिलने अंदाजे रेघ आणि इन्सुलिनच्या सिरिंजने फेविकॉलचे थेंब. कुठे जाड, कुठे बारीक, एखादा घरंगळलेला. पावसाळी हवेत वाळायला रात्र जाते, पण लोखंड वाटतंय.

मापं घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. शूटिंगसाठी वेगवेगळ्या मापांच्या नॉटिलस बनवल्या होत्या, आणि त्यातली एक मुद्दाम लांबीत आखडलेली होती. सिनेमास्कोपचं (रुंद पडद्याच्या चित्रपटांचं) भिंग चित्र आडवं दाबून टिपतं आणि पडद्यावर पुन्हा पसरवतं. भिंग होतं एकच, तेही मुख्य चित्रीकरणात अडकलेलं. म्हणून पाणबुडीच दाबून बनवली आणि साध्या भिंगाने टिपली. तिच्या फोटोवरून मापं घेतलीत तर बेडूक तयार होईल.

डोळ्यांना कॅप्सूलच्या रिकाम्या पाकिटाचे फुगे छान बसले. आत पिवळसर एलईडी.

दिवाणखान्याच्या गोल खिडकीमागे ४ मिलिमीटरची पितळी समई ठेवावी असं मनात आहे. व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत नेमोला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७च्या उठावात लढलेला, म्हणून उघड केलं. चित्रपटात त्याचा मागमूस नाही. मूळ सेटशी इमान राखणारे भांडतील, भांडू देत.

उजवं अंग अजून मेट्रोच आहे. त्याला पुढच्या रविवारी ब्लेड लावतो.