फणेरपेटीचं झाकण: टवके थांबले, बेत बदलला

काल रात्री साडेदहाला झाकणाच्या फळीवरून हात फिरवला आणि तो कुठेच अडला नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा! म्हणून लगेच लिहायला बसले.

या फणेरपेटीसाठी आणलेला ओंडका चिरून आत काय निघालं ते मागच्या वेळी सांगितलंच होतं. इथे फिनलंडमध्ये हे लाकूड, म्हणजे विसाकोइवू (वेड्यावाकड्या रेषांचा बर्च), आपल्या सागासारखं घनफुटावर नाही, किलोवर विकतात. माझा तुकडा ३.४ किलोचा. फिक्या मधाच्या रंगावर तपकिरी स्वल्पविराम सांडावेत तशा खुणा. बाजूच्या चार फळ्या बऱ्याच सोप्या गेल्या. अडलं ते झाकणाशी, कारण सगळ्यात देखणा भाग मी त्याच्यासाठीच राखून ठेवला होता.

रंधा मारला की टवके. फळी फिरवून उलट बाजूने मारला, तरी टवके. या लाकडात सुलटी रेषाच नाही. अंगठ्याएवढ्या जागेत ती तीनदा वळते आणि प्रत्येक तपकिरी खुणेभोवती बुडी मारते. माझ्या बुटक्या रंध्यात पातं १२ अंशांवर बसतं, धार २५ची, म्हणजे लाकडाला भिडताना ३७. पाइनला हे झकास. इथे मात्र पातं रेषेखाली घुसतं आणि तंतू कापायच्या आधीच उपटतं. दुसरं पातं ५०ला घासलं, एकूण ६२. टवके निम्म्याहून कमी झाले, पण ढकलताना खांदे भरून आले आणि खुणांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे राहिलेच. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, थोडाच फरक. पॉलिशपेपर लावायला मन होईना: तपकिरी भुकटी फिक्या भागात बसते आणि सगळं चित्र मळकट होतं.

राहिला स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायचा पातळ पोलादी पत्रा. तो पहिल्या आठवड्यातच वापरला होता, पण ढलपी न येता नुसती भुकटी पडायची. दोष लाकडाला देत होते. चूक माझ्या धारेत होती. कानस मारून कड चौकोनी केली की मी थेट रॉड (कड वळवायची कडक पोलादी सळई) दाबायचे, तेही जोर लावून. त्याने कडेचा आकडा, म्हणजे लाकूड कापणारी बारीक वळलेली धार, इतका वळायचा की पत्रा पार आडवा केल्याशिवाय तो लाकडाला लागायचाच नाही. आता कानशीनंतर कड १०००च्या दगडावर घासते, दोन्ही अंगांची फुगी काढते, आणि मग रॉड अगदी हलक्या हाताने, जेमतेम पाच-सात अंश कलवून, दोनदाच फिरवते. पहिल्याच ओढीला कांद्याच्या सालीसारखी ढलपी निघाली, तिच्यात तपकिरी खूण अख्खी! ती वहीत जपून ठेवली आहे.

ऑनलाइन मागवलेला स्क्रेपरचा संच घेऊ नका. पत्रा मऊ, धार दहा ओढीत जाते. सुतारवर्गातल्या मास्तरांनी जुन्या हातकरवतीच्या पात्यातून तुकडा कापून दिला, तो जाडही आहे आणि लवकर तापत नाही.

आता बेताचं. फळी ८ मिलिमीटरची, घरात हीटर, हवा कोरडी. सकाळी पाहिलं तर ती किंचित पन्हळली होती. सरळ पेटीवर ठोकली तर हिवाळ्यात तडकेल. रशियन जवाहिऱ्या फाबर्जेचं १९१७चं शोभेचं अंडं आठवलं: याच लाकडाचे पातळ पत्रे सोन्याच्या चौकटीत बसवलेले. माझ्याकडे सोनं नाही, पण आजीच्या मोडक्या पाटाचं सागवान आहे! म्हणजे झाकण अखंड न ठेवता सागाची चौकट, तिच्या खाचेत ही फळी सरस न लावता सैल, आणि आतल्या बाजूला आरसा. खाच ६ मिलिमीटर खोल पुरेल ना? ज्यांनी हलती फळी बसवली आहे त्यांनी जरूर सांगा.

तेलाचा विचारही सोडला. उरलेल्या तुकड्यावर जवसाचं तेल लावलं तर मध पिवळा पडला. शेजारी चपडा लाखेचे दोन पातळ हात दिले, तिथे रंग तसाच राहिला आणि खुणा जणू काचेखाली गेल्या. रविवारी सागाची चौकट चिरायला घेते.